विम्याचा दावा नामंजूर झाल्यावर

घरातील कर्ता माणूस निवर्तल्यावर, दिवसकार्य आटोपून, मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि बँकेचा रद्द केलेला चेक जोडून ज्यांनी आयुर्विम्याच्या रकमेसाठी रीतसर अर्ज केला, आणि काही काळाने ज्यांच्या हाती ‘आपला दावा मान्य करता येत नाही, क्षमस्व’ अशा आशयाचे पत्र पडले, अशा कुटुंबांशी आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

हे पत्र छापील शीर्षकाच्या कागदावर असते, त्यात कायद्याची कलमे उद्धृत केलेली असतात, खाली सही-शिक्का असतो. आणि हा सारा सरंजाम पाहून सामान्य मनुष्याची अशी समजूत होते की प्रकरणाचा निकाल लागला. वस्तुतः विमा कंपनी ही करारातील एक पक्ष आहे, न्यायाधीश नव्हे. देणेकऱ्याने ‘मी हे देणे लागत नाही’ असे म्हणावे, इतकाच त्या पत्राचा अर्थ. आणि घेणेकऱ्याने तो मुकाट्याने मान्य करावा असे कोणत्याही कायद्याने म्हटलेले नाही. तथापि दुःखाच्या भरात असलेली विधवा किंवा वृद्ध मातापितरे ते पत्र पॉलिसीबरोबर ट्रंकेत ठेवून देतात, आणि मुदतीचा काळ निघून जातो.

दावा नामंजूर होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘महत्त्वाची माहिती दडवून ठेवली’ हा आरोप. विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो. विमा उतरविणाऱ्याने आपल्या प्रकृतीची आणि पूर्वीच्या पॉलिसींची सारी हकीकत प्रस्तावपत्रात प्रामाणिकपणे सांगावी, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु या तत्त्वाचा आधार घेऊन हप्ते वर्षानुवर्षे स्वीकारावेत आणि माणूस गेल्यावर जुन्या आजारांचे उत्खनन करावे, या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी 1938 च्या विमा कायद्यात 45 वे कलम घातले गेले. मूळ कलमानुसार दोन वर्षे लोटल्यानंतर केवळ चुकीच्या माहितीच्या सबबीवर पॉलिसी मोडता येत नसे. विमेदाराने महत्त्वाची बाब जाणूनबुजून, फसवणुकीच्या हेतूने दडविली, हे कंपनीला शाबीत करावे लागे. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची फोड करून सांगितली, मात्र त्या प्रकरणात लबाडी खरोखरच सिद्ध झाल्यामुळे दावेदार हरला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

2015 साली हे कलम पुन्हा लिहिले गेले. आता पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख किंवा बंद पडलेली पॉलिसी पुनरुज्जीवित केल्याची तारीख, यांपैकी जी सर्वांत अलीकडची असेल तिच्यापासून तीन वर्षे पूर्ण झाली की पॉलिसीच्या वैधतेवर कोणत्याही कारणास्तव, अगदी फसवणुकीच्या कारणास्तवही, आक्षेप घेता येत नाही. म्हणून नकाराचे पत्र हाती आल्यावर वारसांनी प्रथम तारखा पाहाव्यात. यात एक मेख आहे ती ध्यानात ठेवावी: दहा वर्षे चाललेली पॉलिसी हप्ता थकल्यामुळे बंद पडली आणि प्रकृतीचे नवे निवेदन देऊन ती पुन्हा सुरू केली, तर तीन वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते.

मृत्यू तीन वर्षांच्या आत झाला असेल, तरीही कंपनीला आपल्या नकाराची कारणे आणि त्यांचा आधार लेखी कळवावा लागतो. आरोप फसवणुकीचा नसून निव्वळ चुकीच्या माहितीचा असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांच्या आत परत करावे लागतात. शिवाय ती माहिती ठाऊक असती तर आपण पॉलिसी दिलीच नसती, हे दाखविण्याचा भार कंपनीवर असतो. फसवणुकीच्या आरोपाबाबत मात्र कायद्याने उलटी गंगा वाहविली आहे. विमेदार हयात नसेल तर फसवणूक नव्हती हे वारसांनी सिद्ध करावे, अशी तरतूद त्यात आहे. ज्याने प्रस्तावपत्र भरले तो बोलू शकत नाही, आणि जिने ते कधी पाहिलेही नाही तिने त्याच्या मनातील हेतूचा पुरावा द्यावा, ही अपेक्षा माझ्या मते न्याय्य नाही.

आता हा पुरावा प्रत्यक्षात कसा असतो तेही पाहू. कंपनीचा तपासनीस इस्पितळातून केसपेपर मिळवितो. रुग्णाला मध्यरात्री बेशुद्धावस्थेत आणले असता कामावरच्या शिकाऊ डॉक्टराने बरोबर आलेल्या शेजाऱ्याला किंवा मेहुण्याला ‘पूर्वी काही आजार होता का?’ असे विचारलेले असते, त्याने ‘साखर होती म्हणतात, पाचेक वर्षं झाली असतील’ असे ऐकीव उत्तर दिलेले असते, आणि ती अर्धी ओळ पुढे लाखो रुपयांच्या नकाराचा पाया होते. अशा वेळी ही माहिती कोणी दिली, ती लिहून घेणाऱ्या डॉक्टराचे शपथपत्र आहे काय, पाच वर्षांतील एखादी औषधाची चिठ्ठी वा रक्ततपासणी कंपनीने हजर केली आहे काय, हे प्रश्न विचारणे हेच जाणत्या वकिलाचे काम. पाठीच्या मणक्याचे दुखणे सांगितले नाही म्हणून, हृदयविकाराने निधन पावलेल्या विमेदाराचा दावा फेटाळणे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली अयोग्य ठरविले. परंतु याच न्यायालयाने 2019 साली, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी असल्याचे सांगितले नाही एवढ्या कारणावरून दिलेला नकार कायम केला. तेव्हा ‘शंभर टक्के जिंकू’ असे सांगून वकीलपत्रावर सही घेणाऱ्या इसमापासून दूर राहिलेले बरे.

प्रस्तावपत्राची नक्कल मागून घ्यावी आणि ती सावकाश वाचावी. पुष्कळदा मजकूर इंग्रजीत, अक्षर एजंटाचे आणि सही तेवढी मराठीत, असा प्रकार आढळतो. अशा ठिकाणी, प्रश्न विमेदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे निवेदन कोणी केले आहे, हे पाहणे अगत्याचे असते. करार घडवून आणण्यापुरता एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी समजावा, असे नव्या 45 व्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. हप्त्याची गोष्ट मात्र निराळी. एजंटाच्या हाती दिलेला हप्ता कंपनीच्या खात्यात पोहोचेपर्यंत भरला असे होत नाही, हा 1997 चा निकाल एजंटावर विसंबणाऱ्या अनेकांना महागात पडण्याजोगा आहे.

दाद मागण्याचे पहिले ठिकाण म्हणजे खुद्द कंपनीचा तक्रार-निवारण अधिकारी. त्याने महिनाभरात उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, की एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकिलाला उभे राहता येत नाही, पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या मागणीचा विचार होतो, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नव्हे. वारसदार स्वतः समोर बसून आपली कैफियत मांडू शकतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. मात्र तेच प्रकरण न्यायालयात वा ग्राहक आयोगापुढे चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही, म्हणून दरवाजा निवडताना घाई करू नये.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. 2019 च्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार गुदरण्याची मुभा दिली आहे, आणि आयोगाची पायरी विम्याच्या रकमेवरून नव्हे तर भरलेल्या हप्त्यांवरून ठरते. त्यामुळे एक कोटीच्या पॉलिसीचे प्रकरणही बहुधा जिल्हा आयोगातच चालते. ज्या प्रकरणात साक्षीदारांची लांबलचक उलटतपासणी आवश्यक असेल त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. तेथे नकाराच्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात, परंतु कोर्ट फी भरावी लागते आणि धीर पुष्कळ लागतो.

कधी कधी तंटा कंपनीशी नसून घरातच असतो. नॉमिनी हा रकमेचा मालक नसून ती वारसांच्या वतीने स्वीकारणारा असतो, असे 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. 2015 नंतर विमेदाराने पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांचे नाव घातले असेल तर तेच लाभार्थी मानले जातात. दीरभावजयांच्या भांडणात हा फरक सांगितला की निम्मा आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना, उत्पन्नाची अट न लावता, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. पतीच्या विम्याची रक्कम मागणारी स्त्री शिक्षिका असो वा शेतमजूर, ती या कलमात बसते. तिने उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे जाताना नकाराचे मूळ पत्र, ज्या पाकिटातून ते आले ते टपालाचा शिक्का असलेले पाकीट, पॉलिसी आणि हप्त्यांच्या पावत्या बरोबर न्याव्यात; जाणे शक्य नसेल तर 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करून चौकशी करता येते.