झाडीपट्टीची मंडई

गाणें कानांनीं ऐकावयाचें असतें हें खरें. परंतु तें कोणाच्या शेजारीं बसून ऐकलें, यावरहि त्याची गोडी अवलंबून असते. आजोबांच्या मांडीवर बसून ज्या मुलानें पहिली ढोलकी ऐकली, त्याच्या मनांत तो ताल आजोबांच्या मायेसह मुरतो. मोठ्या शहरांतून हल्लीं शनिवार-रविवार साधून एखाद्या उद्यानांत सहकुटुंब ऐकण्याजोगे संगीतोत्सव भरवितात, आणि नवी कल्पना म्हणून त्यांचें कौतुक होतें. गोंदिया जिल्ह्यांतील गोरेगांवच्या माणसाला मात्र तिचें फारसें नवल वाटणार नाहीं. त्याच्या मुलुखांत असा उत्सव पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्याचें नांव मंडई.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना मंडई म्हटली कीं भाजीबाजार आठवेल. झाडीपट्टींत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या भागांत, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गांवजत्रा. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गोरेगांव हा त्याच्या आठ तालुक्यांपैकीं एक. धानाचीं बांधींव शेतें, जुने तलाव आणि मधून मधून रान, असा हा प्रदेश आहे. हलकें धान हातीं येऊं लागतें, पाऊस सरलेला असतो, थंडीची नुकती चाहूल लागलेली असते. उघड्यावर बसून गाणें ऐकावयास याहून चांगला काळ कोणता?

बलिप्रतिपदेला गायगोधन होतें. गोवारी समाजाचे लोक ढोलाच्या तालावर नाचत गुरें मिरवितात. पाठोपाठ भाऊबीज येते, आणि सासरीं गेलेल्या लेकी माहेरीं येतात. येथून मंडयांचा क्रम सुरू होतो. प्रत्येक गांवाचा दिवस निराळा. आज या गांवाची मंडई असली, तर शेजारच्या गांवाची उद्यां किंवा परवां. त्यामुळें मामाच्या गांवची मंडई पाहून आत्याच्या गांवीं जातां येतें. शहरांतील उत्सव रविवारच्या सुटीला बांधलेला असतो; मंडई पिकाला आणि नात्याला बांधलेली आहे.

दिवसा दुकानें मांडलीं जातात. ऊंस, शिंगाडे, मिठाई आणि मुलांचीं खेळणीं यांभोंवतीं गर्दी होते. घरोघरीं पाहुणे उतरलेले असतात. चहापाण्यांत एखाद्या सोयरिकीची गोष्टहि निघते. मग दंडार किंवा खडी गंमत रंगते. दंडार हें पुरुषांनींच स्त्रीभूमिकाहि करावयाचें, गाण्यानाचण्यांतून पुढें सरकणारें लोकनाट्य आहे. खडी गंमतींत शाहीर आणि त्याचे साथीदार उभ्यानेंच गातात आणि हजरजबाबी संवाद करतात. कोठें दोन शाहिरांचा सामना लागतो. एकानें प्रश्न घालावा, दुसऱ्यानें त्याची उकल करावी. रात्रीं नाटक असतें. वडसा येथील नाटक मंडळ्या दिवाळीपासून या मुलुखांत गांवोगांव हिंडतात, आणि त्यांच्या नाटकांत गाण्याची साथ प्रत्यक्ष वाजविली जाते. या रंगभूमीवर आयुष्य वेंचलेले परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां उरलेल्या महाराष्ट्राचें लक्ष इकडे थोडें वळलें.

सबंध घराला पुरेल असें या मेळ्यांत काय आहे, हें पाहण्यासारखें आहे. पहिली गोष्ट अशी कीं, दंडारीच्या अंगणाला दार नाहीं. मूल रडूं लागलें तर आई उठून बाजूला जाते. त्यानें कोणाचा रसभंग होत नाहीं. झोंप आली तर मामाचें घर हांकेच्या अंतरावर असतें. दुसरी गोष्ट श्रोत्यांची. शाहिरासमोर सासू आणि सून, बाप आणि मुलगा एकत्र बसलेलीं असतात. या सर्वांना हंसवावयाचें आणि कोणाला मान खालीं घालावयास लावावयाची नाहीं, ही त्याच्या बुद्धीची खरी कसोटी असते. विनोद सैल झाला कीं प्रथम बायका उठतात, आणि बायका उठल्या कीं मुलेंहि जातात. मग मेळा उरला तरी तो कुटुंबाचा राहत नाहीं.

कुटुंबाला उठविणारें दुसरें एक कारण अलीकडे आलें आहे, तें म्हणजे आवाज. उंच रचलेल्या ध्वनिक्षेपकांतून ठोकळेबाज गाणीं सुटूं लागलीं म्हणजे तान्हीं मुलें दचकतात, म्हातारीं माणसें छातीवर हात ठेवून घराकडे वळतात, आणि शेजारीं बसलेल्या दोघांना एकमेकांशीं बोलतां येत नाहीं. शाहिराच्या शब्दाचा तर पत्ताच लागत नाहीं. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रहिवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. उघड्या जागीं रात्रीं १० ते सकाळीं ६ ध्वनिक्षेपकाला मनाई केली. सणासुदीला राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें; परंतु वर्षांतून १५ दिवसांपुरतीच. या नियमाची झळ चांगल्या गाण्यालाहि लागली. भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं पुण्यांत सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकी आवरत्या घ्याव्या लागल्या. तरी तो महोत्सव मोडला नाहीं. त्यानें वेळ बदलली, गाणें सोडलें नाहीं.

मंडईलाहि हा मार्ग मोकळा आहे. दंडार आणि खडी गंमत दिवस मावळण्यापूर्वींच उभी करावी, म्हणजे मुलांना जागें असतां ती पाहतां येईल. पुढची बैठक म्हाताऱ्यांसाठीं आणि लेंकुरवाळ्या बायांसाठीं राखावी. ध्वनिक्षेपक शाहिराचा शब्द मागच्या रांगेपर्यंत नेण्यापुरताच असावा. आणि वर्गणीचा पैसा यंत्राच्या भाड्यांत जाण्याआधीं वादकाच्या हातीं पडावा. ढोलकीवाल्याला गांवानें बोलावलेंच नाहीं, तर त्याचा मुलगा ढोलकी कशाला शिकेल? तो न शिकला, तर पुढच्या दिवाळींत दुकानें लागतील, पाहुणेहि येतील, आणि संध्याकाळीं त्या सर्वांनीं मिळून ऐकावें असें गांवांत कांहींच नसेल. मंडईची तारीख ठरविणाऱ्या पंचांनीं म्हणूनच तारखेबरोबर शाहीरहि ठरवून टाकावा.