कुस्तीतले शास्त्र

मंडळी, शास्त्र म्हटले की आपण बिचकतो. पण जत्रेतली कुस्ती आपण सारेच पाहतो ना? शास्त्र तिथेच आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. पैलवान पाय फाकवून, कंबरेत वाकून उभा राहतो. का बरं? वजन खाली, पाया रुंद. म्हणजे तोल पक्का. त्याला उचलला, की पाया सुटला. मग तो पडलाच!

उसाच्या गाडीलाही हाच नियम. ऊस उंच रचला, की वजन वर चढते. वळणावर गाडी कलंडते, माणसे दगावतात. म्हणून आम्ही सांगतो: ऊस बेतानं भरा, वर कुणाला बसवू नका, वळणावर सावकाश चला. पैलवानाचा पवित्रा ध्यानात ठेवा.