मँडरिन माशाची घाई नको
खाऱ्या पाण्याची नवी टाकी साधारण चार ते सहा आठवड्यांत जिवाणूंमुळे स्थिरावते. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात. तरी लगेच मँडरिनसारखा नाजूक मासा सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. पाण्यातले विष गेले म्हणजे त्यात अन्न तयार झाले, असे नव्हे. मँडरिन दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, टिपत असतो. ते पुरेसे वाढायला कित्येक महिने लागतात. गोठवलेले खाद्य घालू, असे कोणी म्हणेल. पैदास केंद्रातले काही मासे ते खातातही; समुद्रातून पकडलेले मात्र अनेकदा त्याला तोंड लावत नाहीत आणि खंगत जातात. म्हणून दुकानात तो खाताना पाहिल्याशिवाय घरी आणू नका.