श्वास पेशीपर्यंत पोहोचतो
(मढ येथील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



श्वसन म्हणजे नाकाने हवा आत घेणे व बाहेर सोडणे, असे उत्तर आपल्या वर्गांत बहुधा मिळते. ते चूक नव्हे, पण अपुरे आहे. हवेची ये-जा हा श्वसनाचा केवळ उंबरठा होय. खरे श्वसन पेशीपेशींत चालते. वल्हे मारणाऱ्या कोळीबांधवाच्या दंडात बळ येते ते तेथूनच.

पेशीत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन त्यांच्या आतील पटलावर येतात आणि तेथील प्रथिनांच्या रांगेतून पुढे पुढे जातात. होडीतील मासळीच्या टोपल्या माणसे हातोहात किनाऱ्यावर पोहोचवितात, तसेच हे. रांगेच्या शेवटी प्राणवायू असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्यापासून पाणी बनते. शेवटचा माणूस निघून गेला, तर सारी रांग टोपल्या धरून खोळंबते. प्राणवायूवाचून माणूस काही मिनिटांत का दगावतो, याचे मर्म येथे आहे.

मग ऊर्जा साठते कशी? इलेक्ट्रॉन पुढे सरकताना सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. कोयनेच्या धरणात अडविलेले पाणी खाली येताना चक्र फिरविते. त्याप्रमाणे परतणारे प्रोटॉन एका विकराचे चक्र फिरवितात व एटीपी हे ऊर्जाधारी द्रव्य तयार होते. ही उपपत्ती पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली. प्रारंभी ती अनेकांना पटली नाही. १९७८ साली तिला नोबेल पारितोषिक लाभले.

या रांगेतील सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे केंब्रिज येथे दाखविले कमला भागवत, म्हणजे पुढील कमला सोहोनी यांनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली आणि कालांतराने मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालिका झाल्या.

वनस्पती रात्रीच श्वसन करतात, हा समज मुलांच्या मनातून काढावा. त्या अहोरात्र श्वसन करतात. दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत मोड आलेले मूग, दुसरीत तेच मूग उकडून व थंड करून ठेवावेत. दोहोंत चुन्याच्या निवळीची लहान वाटी ठेवून बुचे घट्ट लावावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोडांच्या बाटलीतील निवळी दुधाळ झालेली दिसेल. कारण आधी सांगू नये, मुलांना विचारावे.

आणि उत्तरासाठी मागच्या ओळीतील एखाद्या मुलीने हात वर केला, तर तिला आधी बोलू द्यावे. विज्ञानाच्या दारात एका मुलीला एकदा थांबविले गेले होते. आपल्या शाळेच्या दारात तसे घडू नये, एवढीच माझी विनंती.