चिन्हांची देवघेव आणि निगा

मालाडहून मार्व्याच्या धक्क्यावर येऊन पोहोंचलेल्या परगांवच्या माणसानें आपल्या फोनवर ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीं मिळून केलेला नकाशा उघडला, तर खाडीच्या निळ्या पट्ट्यावर त्याला एक तुटक रेघ आणि कांठाशीं होडीचें इवलेंसें चित्र दिसतें. तेवढ्यानें त्याचें काम होतें. समोर मनोरी आहे, तेथें होडी जाते, आणि रस्त्यानेंच जावयाचें तर भाईंदर-उत्तनचा लांबलचक वळसा पडेल, हें त्याला फारसें कांहीं न वाचतांच कळतें. हा नकाशा २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झाला. त्याच्या नेहमींच्या रूपांतील चिन्हांवर कोणाचा मालकी हक्क ठेवलेला नाहीं; तीं कोणींहि घ्यावींत, आणि एखादें चुकीचें वाटल्यास त्याच्या जागीं दुसरें सुचवावें, असा तेथील शिरस्ता आहे. चिन्हांची अशी देवघेव करणाऱ्या मंडळ्या जगांत पुष्कळ आहेत. चित्र काढणें हा त्यांच्या कामाचा सोपा भाग होय. अवघड भाग त्यापुढें येतो.

संगणकाच्या पडद्यावरील लहान चित्राला आयकॉन म्हणतात आणि हाताबरोबर फिरणाऱ्या बाणाला कर्सर. कर्सर हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ धावणारा. संगणक येण्यापूर्वीं इंजिनियर लोक हिशेबासाठीं जी सरकपट्टी वापरीत, तिच्यावरील मागेंपुढें सरकणाऱ्या पारदर्शक भागालाहि कर्सरच म्हणत. डग्लस एंगेलबार्ट यांनीं १९६८ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें माउसचें जाहीर प्रात्यक्षिक केलें. त्यांचा बाण सरळ वर टोक केलेला असे. पुढें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत तो डावीकडे कलला. कारण अगदीं साधें होतें: त्या वेळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर एक कड उभी आणि दुसरी पंचेचाळीस अंशांची ठेवली कीं बाण स्वच्छ उमटे. आजच्या पडद्यांना ती अडचण उरली नाहीं. बाण मात्र अजून कललेलाच आहे. सुझन केअर यांनीं १९८३ सालीं मॅकिंटॉश यंत्रासाठीं चित्रें काढलीं तीं चौकटींच्या कागदावर. आडवीं ३२ घरें, उभीं ३२ घरें, मिळून १०२४. प्रत्येक घर एक तर काळें नाहीं तर पांढरें. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरोघरच्या बायकांना ही विद्या निराळी शिकवावी लागणार नाहीं.

२००१ सालीं केडीई-लुक नांवाचें एक ठिकाण निघालें आणि लिनक्स वापरणारे हौशी लोक आपापलीं चिन्हें व कर्सर तेथें ठेवूं लागले. हौस दांडगी होती. परंतु एकाचें चित्र दुसऱ्याच्या शेजारीं बसलें कीं विजोड दिसे. एकाची सावली उजवीकडे, दुसऱ्याची खालीं. २००५ सालच्या टँगो नांवाच्या उपक्रमानें रंग, कडा व प्रकाशाची दिशा यांविषयीं नियम सुचविले, आणि २००९ सालीं आपला संग्रह सर्वांना मोकळा करून टाकला. त्याहूनहि मोलाची गोष्ट म्हणजे चिन्हांचीं नांवें ठरलीं. 'जतन करा' या अर्थाच्या चित्राचें नांव सगळीकडे एकच. मग कोणी तेथें फ्लॉपी काढो कीं कपाट. आणि एखाद्या संचांत हवें तें चित्र नसेल, तर यंत्रानें तें त्याच्या मूळ संचांतून घ्यावें, असाहि नियम झाला. पाहुणे आले आणि ताटें कमी पडलीं, म्हणजे थोरल्या घरून आणावींत, त्यांतलाच हा प्रकार.

नांव आणि जागा ठरण्यापूर्वींच चिन्ह लोकांच्या हातांत गेलें तर काय होतें, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. तें मुंबईच्या उपनगरांतच आहे. आपल्या रुपयाचें चिन्ह पवईच्या आयआयटींत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांनीं रेखाटलें. देवनागरी र आणि रोमन आर यांचा त्यांत मेळ आहे, आणि वर शिरोरेघेची आठवण देणाऱ्या दोन आडव्या रेघा आहेत. १५ जुलै २०१० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तें स्वीकारलें. लोकांना तें त्याच आठवड्यांत हवें होतें. यंत्रांना मात्र तें ठाऊक नव्हतें. मंगळूरच्या एका संस्थेनें तत्परतेनें एक फॉन्ट तयार करून तो सर्वांना फुकट दिला. त्यांत टॅबच्या वरची, एरवीं फारशी कोणी न वापरणारी कळ दाबली कीं रुपया उमटे. ही तत्परता स्तुत्यच म्हटली पाहिजे. परंतु रुपया येथें उसन्या खुर्चीवर बसविलेला पाहुणा होता. यंत्राच्या लेखीं तेथें रुपया नव्हताच. तेथें होता तो त्या कळेचा मूळचा बारीक, तिरपा फटकारा, आणि फॉन्टनें त्याला रुपयाचा वेष चढविला होता. दुकानदारानें २५० रुपयांचें बिल पाठवावें, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाहीं त्या गिऱ्हाइकाला आंकड्यामागें नुसता फटकारा दिसावा, असें त्यामुळें घडे.

खरा उपाय ऑक्टोबर २०१० मध्यें झाला. जगांतील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तींत रुपयाला स्वतःचा क्रमांक मिळाला. मग एकेका फॉन्टमध्यें तें अक्षर भरावें लागलें. जुन्या यंत्रांना तें नव्यानें पोहोंचवावें लागलें. २०११ पासून तें नाण्यांवर आणि २०१२ पासून नोटांवर दिसूं लागलें. परंतु मधल्या दिवसांत जे कागद उसन्या कळेनें लिहिले गेले, ते कोणी हातानें दुरुस्त केले नसतील, तर त्यांत आजहि तो फटकाराच आहे. चिन्ह दिल्यावर तें सांभाळण्याचें काम किती पुरतें, हें यावरून दिसावें.

सांभाळावयाचें तर तसा अधिकारहि हवा. मुंबईचे सुलेखनकार आणि कवि र. कृ. जोशी (ते २००८ सालीं वारले) यांच्या हातून दोन प्रसिद्ध देवनागरी फॉन्ट उतरले. विंडोजमधला मंगल हा कंपनीच्या मालकीचा. त्यांत उणें दिसलें तरी बाहेरच्यानें हात लावावयाचा नाहीं. रघु हा मात्र मुक्त परवान्याखालीं दिलेला. तो जाणकारानें उघडावा, सुधारावा, पुढें द्यावा. हात एकाच कलावंताचा. पण एकाची निगा त्याच्या मालकाच्या मर्जीवर, आणि दुसऱ्याची कोणाहि कळकळीच्या माणसाच्या श्रमावर. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनीं मुक्त, बलू हे फॉन्ट ज्या परवान्याखालीं दिले आहेत, त्यांत आणखी एक शहाणपणाची सोय आहे: मूळ कर्त्यानें आपलें नांव राखून ठेविलें असेल, तर बदल करणाऱ्यानें आपल्या आवृत्तीला दुसरें नांव द्यावें. त्यामुळें बिघाड झाला तरी तो मूळ कर्त्याच्या माथीं बसत नाहीं.

उलट, काढावयास सोपें असूनहि वाटावयास मोकळें नाहीं, असेंहि चिन्ह असतें. पांढऱ्यावर लाल क्रॉस हें दवाखान्याचें चित्र म्हणून अनेक संचांत शिरलें होतें. तें युद्धांतील वैद्यकीय सेवेचें संरक्षणचिन्ह आहे, आणि १९६० च्या जिनीव्हा करारांविषयींच्या कायद्यानें आपल्याकडे त्याचा परवानगीवांचून वापर निषिद्ध आहे. असें चिन्ह हुडकून काढून त्या जागीं हिरव्यावर पांढरा क्रॉस किंवा दुसरें कांहीं घालणें, हेंहि निगा राखणाऱ्याचेंच काम.

कर्सरची निगा तर याहूनहि बारीक आहे. कर्सरच्या फाइलींत चित्राबरोबर दोन आंकडे असतात. चित्राचा नेमका कोणता बिंदु दाबला असें मानावयाचें, तें ते सांगतात. बोट दाखविणाऱ्या हाताचें टोक समजा डावीकडून १२ व्या आणि वरून ४ थ्या घरांत आहे. पडदे सूक्ष्म झाले, म्हणून कोणी तें चित्र ३२ घरांवरून ६४ घरांचें केलें, आणि आंकडे मात्र तसेच ठेवले. आतां बोट एका ओळीवर दिसतें आणि दाब वरच्या ओळीवर पडतो. पडद्यावर बँकेच्या खातेदारांची यादी असेल, तर पैसे भलत्याच नांवावर जावयाचे. असे संच सांभाळणारा मनुष्य एकेक कर्सर चौकोनाच्या कोपऱ्यावर टेकवून तपासतो, आंकडे बदलतो, आणि नव्या आवृत्तीच्या बदलांच्या यादींत एवढीच ओळ लिहितो कीं हाताचें टोक जागेवर आणलें.