सॅन अँटोनिओचें स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्र

अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत सॅन अँटोनिओ हें नगर आहे. १८४५ सालीं टेक्सास अमेरिकेंत सामील झाला, त्यापूर्वींपासूनच तेथें स्पॅनिश भाषा नांदत होती. तथापि नभोवाणीवर तिला इंग्रजी केंद्रांचा उरलासुरला वेळ विकत घ्यावा लागे. राउल कॉर्टेझ या मेक्सिकन गृहस्थांनीं १९४६ मध्यें स्वतःचें नभोवाणी केंद्र काढलें व १९५५ मध्यें त्याला दूरचित्रवाणीची जोड दिली.

या केंद्राला ४१ हा क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाच्या लहरी बाजारांतील बहुतेक यंत्रांना पकडतां येत नसत; त्यासाठीं निराळें जोडयंत्र विकत घ्यावें लागे. प्रेक्षक थोडे म्हणून जाहिराती थोड्या, आणि जाहिराती थोड्या म्हणून तोटा! अखेर १९६१ मध्यें कॉर्टेझ यांनीं केंद्र विकलें. घेणारांत त्यांचे जांवई एमिलिओ निकोलास होते. पुढच्याच वर्षीं, सर्व नव्या यंत्रांना या लहरी घेतां आल्या पाहिजेत, असा कायदा झाला.

याच केंद्रापासून पुढें देशव्यापी जाळें वाढलें. १९८७ मध्यें त्यास युनिव्हिजन हें नांव मिळालें. भाषा घरांत बोलल्यानें जगते खरी. परंतु चारचौघांत तिला मान मिळावयाचा, तर तिच्या स्वतःच्या मालकीचें साधन असावें लागतें. त्यासाठीं पहिला तोटा सोसणारा कोणी तरी निघावा लागतो.