तिथी पाहूनच खाडीवर जावे



भातकापणी आटोपली की आपल्यापैकी बरेच जण पाग किंवा गळ घेऊन खाडीवर जातात. दसऱ्यानंतर समुद्र शांत होतो, त्यामुळे हंगाम योग्यच आहे. पण निघण्यापूर्वी तिथी पाहावी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. दिवसा तशीच रात्री. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरती थोडी आधी येते, खाडीच्या आत उशिरा. हा फरक गावातल्या जाणत्या कोळी बांधवांना विचारावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो. डोल जाळ्याला तो हवाच असतो. बोंबील, जवळा त्या ओढीनेच जाळ्यात येतात. अष्टमीच्या सुमारास भांग असते, ओढ मंदावते, गळ तळाशी टिकतो. पाग टाकणाऱ्याने पाणी चढू लागताच जावे; बोय तेव्हा काठाकडे चरायला येते.

खडकावर बसणाऱ्यांना मात्र मी आधी परतीची वाट विचारतो. खडक उघडा दिसत असतानाच मागची घळ भरते. मासा लागत असताना उठवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. एकदा अर्धा तास जास्त बसलो आणि कमरेइतक्या पाण्यातून टोपली डोक्यावर धरून आलो. त्या दिवशी दशमी होती, उधाण नव्हते, म्हणून निभावले. तेव्हापासून पाणी वळले की मी गळ गुंडाळतो.

ज्येष्ठ-आषाढात समुद्राच्या अंगाला जाऊच नये. तेव्हा लाट फसवी असते आणि पुष्कळ मासे अंड्यावर असतात.